मास्तर सरकारजमा

आमचं खेचर कायमचं सरकारजमा झालं. गाडा झाला, पट्टा झाला, छपरीही झाली. कोर्टानं तसं सांगितलं, शिक्का मारला आणि आम्ही चौघं बाहेर येऊन नळावर पाणी प्यायलो.

हे आता विसरायचं. असं काही झालेलंच नाही. सकाळ आहे, विटांच्या मैदानावर ऊन नुकतं टेकलंय, खेचर आमचंच आहे आणि बाबा त्याच्याशी भांडतायत.

"अरे चल की बाबा. काय बघतोस माझ्याकडे?"

खेचराचं नाव मास्तर. नाव आत्यानं ठेवलं. तो माणसाकडे असा बघायचा, की त्यानं काहीतरी विचारलंय आणि समोरच्याला उत्तर येत नाहीये. बाबांना तर कधीच यायचं नाही. ते आधी ओरडायचे, मग चुचकारायचे, मग विनवण्या करायचे. शेवटी मास्तरच कंटाळून निघायचा. बाबांनी चाबूक कधी बाळगला नाही. सगळा कारभार तोंडावर.

काम आमचं वीटभट्टीवरचं. कच्च्या विटा मैदानात वाळत पडलेल्या असायच्या. आई आणि मी त्या गाड्यात भरायचो. बाबा आणि मास्तर त्या भट्टीपर्यंत ओढून न्यायचे, म्हणजे मास्तर ओढायचा आणि बाबा बोलायचे. तिथं रचणारे त्या आत रचायचे. भट्टी भरली की पेटवायची. भरायच्या आधी पाऊस आला की कच्च्या विटांचा पुन्हा चिखल, आणि मग भट्टीचा शेठ कोणालाच ओळखत नाही.

त्या वर्षी ढग फार लवकर यायला लागले. पडायचे नाहीत. दुपारी यायचे, मैदानावर उभे राहायचे, आणि शेठ कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभा राहायचा.

घर भट्टीच्या कडेलाच. एक खोली, एक खिडकी आणि पुढं मास्तरची छपरी. खोलीचं दार छपरीतच उघडायचं. त्यामुळे कोणालाही बाहेर पडायचं तर मास्तरच्या शेपटीला वळसा घालून पडावं लागे. पाहुणे एकदा येत, पुन्हा येत नसत. आत्या म्हणायची, खर्च वाचतो.

आत्या बाबांची थोरली बहीण. गुडघे गेल्यापासून ती विटा उचलत नव्हती. घरी बसून स्वयंपाक करायची आणि उरलेल्या वेळात आमच्या चुका काढायची. वेळ बराच उरायचा.

सगळ्याची सुरुवात बसच्या सीटनं झाली.

भंगारवाल्यानं एक जुनी बस तोडायला घेतली होती. बाबा तिथून एक अख्खी सीट डोक्यावर घेऊन आले. निळं रेक्झिन, आत जाडजूड फोम. दारातच बसले त्या सीटवर आणि म्हणाले, "बघा बसून. बसा की."

आम्ही एकेक करून बसलो. आत्या बसली ती उठेचना.

"उठ आता, ताई. मास्तरसाठी आणलीय."

"तो बसणारेय होय सीटवर?"

बाबांनी समजावून सांगितलं. मास्तरच्या छातीवरून जो ओढायचा पट्टा जायचा त्याच्या आत गोणपाट भरलेलं होतं. वर्षानुवर्षांच्या घामानं ते लाकडासारखं झालेलं. ते काढायचं, फोम घालायचा, वरून रेक्झिन शिवायचं. "ओढणारा तो," बाबा म्हणाले, "आणि गाद्यांवर बसणार आपण?"

दिवसभर विटा ओढून झाल्यावर बाबा दाभण आणि सुतळी घेऊन बसायचे. बोटांना भोकं पडली. पट्टा मात्र देखणा झाला. सीटच्या पाठीवर कुठल्याशा प्रवाशानं टोकदार काहीतरी घेऊन बदाम कोरला होता, त्यात बाण घुसलेला. बाबांनी रेक्झिन असं बेतलं की तो बदाम बरोबर मास्तरच्या छातीच्या मधोमध यावा. जुनं गोणपाट आत्यानं चुलीत घातलं. चांगलं जळलं म्हणाली.

मास्तर नवा पट्टा लावून निघाला तेव्हा रचणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. बाबा मागं वळून वळून बघत होते. आईसुद्धा हसली, आणि आई कामावर हसत नाही.

मग पट्ट्याखालचे केस गेले. नंतर तिथली कातडी लाल दिसायला लागली.

"अहो, हे बघितलं का?" आईनं विचारलं.

"नवीन आहे. सवय होईल."

नंतर लाल जागा ओली झाली. मास्तर वाकडा चालायला लागला, एक खांदा पुढं काढून, अरुंद दारातून जातोय असा. बाबांनी बघितलं. आईनं तिच्या जुन्या परकराची एक चिंधी फाडून दिली, ती बाबांनी पट्ट्याखाली घातली.

"थांबवा त्याला थोडे दिवस," आई म्हणाली.

बाबांनी वर बघितलं. ढग होते. खाली शेठ होता. "एवढी भट्टी भरू दे," ते म्हणाले. "मग त्याला सुट्टीच देतो."

मास्तर त्यांच्याकडे बघत होता. बाबांनी त्या दिवशी भांडण केलं नाही, नुसता लगाम धरला आणि चालायला लागले.

त्याच आठवड्यात रस्त्यावर एक स्कूटर थांबली. हेल्मेट घातलेली बाई, गळ्यात ओढणी. तिनं विचारलं, "काका, याचा फोटो काढू का?"

आता कोणीही सांगेल की इथं थोडं थांबून विचार करायला हवा होता. पण बाबांना वाटलं, पट्टा आवडला. त्यांनी हातावर थुंकून मास्तरच्या कपाळावरचे केस बसवले. त्याला वळवून उजेडात उभा केला. आणि चिंधीचं टोक वर येऊन बदाम झाकला जात होता, म्हणून चिंधी बाजूला केली. मग मास्तरच्या मानेवर हात ठेवून, दात दाखवून हसले.

"अजून एक काढा," म्हणाले. "पहिल्यात माझे डोळे मिटले असतील."

तिनं काढला. दुसऱ्यात डोळे उघडे होते. तोच कोर्टात लागला.

*

ते आले तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. जनावरांची डॉक्टरीणबाई, एक पोलीस आणि जप्ती करायला आलेला एक तरुण माणूस. त्याच्या बुटांना नुकतंच पॉलिश केलं होतं, आणि तो मैदानातला विटांच्या मातीचा गारा तुडवत आला होता. आम्ही त्याला पुढं जप्तीवालाच म्हणायला लागलो. नाव त्यानं सांगितलं होतं, पण त्या गडबडीत कोण लक्षात ठेवतो.

डॉक्टरीणबाई सरळ मास्तरकडे गेली. त्यानं तिच्यावर आपली ती नजर लावली. तिनं पट्टा उचलला, जखमेच्या कडेकडेनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "दुखतंय ना रे."

मास्तरनं मान खाली घातली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी उत्तर आलं होतं.

जप्तीवाल्यानं कायदा सांगितला. आवाज चढवला नाही, उलट आम्ही आजारी असल्यासारखा बोलत होता. जनावराला क्रूरतेनं वागवलं तर जनावर जप्त. ज्यानं इजा झाली ते साधन जप्त. जे ओढायला लावलं ते जप्त. आणि जिथं बांधून ठेवलं ती जागाही जप्त. खटला चालेल. गुन्हा ठरला तर सगळं सरकारजमा, नाही ठरला तर परत.

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही काय?"

"मला नाही जप्त करणार?"

"तुम्हाला कसं जप्त करणार काका? तुमच्यासाठी कलमात सोय नाही." मग त्यानं कागद पुढं घेतला. "हाकायचं साधन काय? चाबूक, काठी?"

"तोंड."

जप्तीवाल्यानं पेन थांबवलं, बाबांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. 'तोंड. जप्त करता आले नाही.'

चिंधीही घेतली त्यानं, पिशवीत घालून. आई म्हणाली, "अहो ती मळकी आहे, धुऊन देते." तो म्हणाला, "नाही, अशीच लागते." आई आत गेली ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मास्तरला न्यायचं कुठं हा प्रश्न निघाला. जप्तीवाल्यानं जनावरांच्या आसऱ्याला फोन लावला, बराच वेळ 'हं हं' केलं आणि आम्हाला सांगितलं की आसरा भरलाय. जप्तीची गाढवं तिथं इतकी दाटीनं उभी आहेत की आणखी एक जनावर घातलं तर त्याच कायद्याखाली आसराच जप्त करावा लागेल.

"मग?" आत्यानं विचारलं.

"मग निकाल लागेपर्यंत तुम्हीच सांभाळायचं. सरकारच्या वतीनं. वेळेवर चारा, पाणी, सावली. काम नाही. मारायचं नाही, ओरडायचं नाही. डॉक्टरीणबाई येऊन बघत जातील."

"पण तो बांधायचा तर छपरीत. आणि छपरी तर तुम्ही घेतली."

"छपरीतच बांधायचा. छपरी सरकारची, खेचर सरकारचं. बरोबर आहे की."

त्यानं चुन्यानं छपरीभोवती रेघ मारली. ती आमच्या उंबऱ्याला चिकटून गेली. मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही पाचही जण, पोलिसाला धरून, रेघेच्या अलीकडे खोलीत उभे आहोत आणि बाहेर पडायचा रस्ता सरकारी झालाय.

"चारा द्यायला छपरीत जाता येईल," तो विचार करून म्हणाला. "पण जाण्या-येण्यासाठी जाता येणार नाही."

"मग जायचं-यायचं कुठून?"

त्यानं खिडकीकडे बघितलं. आत्यानंही खिडकीकडे बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तात्पुरतं आहे," जप्तीवाला म्हणाला.

त्या संध्याकाळी आत्या खिडकीतून अर्धी बाहेर गेली. पुढचा अर्धा भाग बाहेर, मागचा आत. मी आतून ढकलत होते, बाबा बाहेरून ओढत होते, आणि मास्तर छपरीतून आरामात बघत होता.

"हळू! माणूस आहे मी, पोतं नाही!"

"श्वास सोड ताई."

"सोडलाय! आत घ्यायची जागा कुठंय?"

दुसऱ्या दिवशी आत्यानं उपाय काढला. चुलीजवळ गवताची पेंढी ठेवली. बाहेर जायचं झालं की त्यातलं मूठभर गवत घ्यायचं, दारातून छपरीत जायचं, ते मास्तरपुढं टाकायचं आणि पलीकडून निघून जायचं. "जात-येत नाही मी," ती म्हणाली. "चारा देतेय. चारा देता देता पलीकडे पोचते, त्याला मी काय करू?" येतानाही तेच. घरात चार माणसं, दिवसभरात किती वेळा आत-बाहेर होतं ते ज्याचं त्यानं बघावं. मास्तर फुगायला लागला.

"लागला एकदाचा सरकारी नोकरीला," आत्या म्हणायची. "आपल्या खानदानात पहिलाच. काम नाही, जेवण वेळेवर, डॉक्टर घरी येते."

*

शेठ आला तो ढगांकडे बघतच आला. "भट्टी अर्धी आहे," म्हणाला. "मी थांबू शकतो. ते थांबणार नाहीत." त्यानं वर बोट केलं. "जमत नसेल तर सांगा. दुसरं कुटुंब खेचर घेऊन तयार आहे. मग ही खोलीही त्यांना लागेल."

बाबांनी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "जमतं."

"कसं?"

"हातगाडी द्या."

शेठनं हातगाडी दिली. लोखंडी, एका चाकाचा आस वाकडा, त्यामुळे ती डावीकडे ओढ घ्यायची. बाबा दांड्यांच्या मध्ये उभे राहायचे, आई आणि मी मागून ढकलायचो. पहिल्या फेरीला भट्टीजवळच्या चढावर गाडी थांबली आणि मागं यायला लागली. आईनं पाय रोवला, पाठ गाडीला लावली आणि एवढंच म्हणाली, "नाही." कोणाला म्हणाली माहीत नाही. गाडी थांबली. मग वर गेली.

नुसत्या हातांनी ओढून बाबांचे तळवे फुटले. म्हणून त्यांनी खांद्यावरून घ्यायला एक पट्टा केला. सीटचं रेक्झिन आणि फोम उरला होता, तोच वापरला. मऊ होता. माझ्यासमोर खांद्यावर घालून बघितला आणि म्हणाले, "राजा माणूस."

ऊन असं पडायचं की विटा उचलताना बोटं झटकावी लागायची. विटेची धूळ नाकात, दातांत, पापण्यांवर. घाम यायचा, त्यावर धूळ बसायची, त्यातून पुन्हा घाम यायचा. दुपारी आम्ही गाडीच्या सावलीत बसायचो. तिघांना पुरायची नाही म्हणून पायांपुरती घ्यायचो. आई मधूनच उठून वर बघायची आणि "चला" म्हणायची. तिच्या 'चला'वर वाद घालायची सोय नव्हती.

गाडी छपरीवरून गेली की मास्तर उठायचा. कान पुढं करायचा आणि आमच्याबरोबर चालायला लागायचा, दोर पुरेल तिथपर्यंत. मग दोर ताणला जायचा आणि तो चुन्याच्या रेघेवर थांबायचा. परतताना पुन्हा तसंच. बाबा त्याच्याकडे बघायचे नाहीत.

डॉक्टरीणबाई आली की आधी मास्तरची जखम बघायची. भरत आली होती. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून एकदा म्हणाली, "अहो, याला जरा कमी खायला घाला."

"आम्हाला बाहेर जावं लागतं ना बाई," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईला काही कळलं नाही. ती मलमाचा डबा काढत होती तेवढ्यात बाबा फेरी संपवून आले आणि पट्टा काढायला लागले. तो निघेना. शर्ट खांद्याला चिकटला होता, आणि पट्टा शर्टाला.

आईनं त्यांना दगडावर बसवलं. वरून पाणी ओतत ओतत तिनं शर्ट सोडवला. खाली कातडी नव्हती. लांबट, ओलं, कडेनं पांढरं पडलेलं. बाबा दात आवळून समोर बघत होते, आणि समोर मास्तर होता.

"असं लागतं होय," बाबा म्हणाले.

आई पाणी ओततच होती.

"मऊ वाटतं. मऊच आहे. पण घाम धरून ठेवतं आणि सारखं सरकतं. गोणपाट टोचायचं, पण जागचं हलायचं नाही." ते थांबले. "पहिल्याच दिवशी आग होते. पहिल्याच दिवशी कळतं."

"उद्या तुम्ही ओढायचं नाही," आई म्हणाली.

"एवढी भट्टी भरू दे," बाबा म्हणाले. "मग..."

तिथंच थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. आमच्याही आलं. मास्तरनं एकदा कान हलवला, माशी होती बहुतेक.

आई उठली. तिनं पट्टा घेतला, कोयत्यानं टराटरा फाडला, फोम काढून उकिरड्यावर टाकला. शेठच्या ढिगातली एक गोणी उचलून आणली, विचारलं नाही. तिची घडी करून आत घातली, शिवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टा स्वतःच्या खांद्यावर घेऊन दांड्यांमध्ये उभी राहिली.

"तुम्ही मागं व्हा," बाबांना म्हणाली. "तोंड चालवा. ते तुम्हाला जमतं."

शर्ट सोडवला त्या दिवशी डॉक्टरीणबाई बाबांच्या खांद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हे मलम जनावरांचं आहे. माणसांना लावायला मी सांगू शकत नाही." आणि डबा छपरीच्या भिंतीवर ठेवला. "मास्तरला पुरून उरेल," असं म्हणून गेली. आत्यानं मूठभर गवत घेतलं आणि डबा आणायला निघाली.

*

तारखेच्या आदल्या दिवशी शेठ खिडकीशी आला. हातगाडीनं भट्टी भरत होती, पण हळू. त्याला मास्तर परत हवा होता, लवकर.

"सरळ सांगायचं," तो बाबांना म्हणाला, "दुसऱ्या खेचरानं चावा घेतला. मी साक्ष देतो. मी बघितलं."

"मीपण बघितलं," आत्या आतून म्हणाली.

"काय बघितलंस ताई?"

"चावताना. काळं होतं. मोठे दात."

"अगं, असं कुठलं खेचर..."

"तू गप्प बस. मास्तर परत आणायचाय की नाही? गाडा परत पाहिजे की नाही? बायको बैल झाली तुझी, दिसत नाही?"

बाबांनी आईकडे बघितलं. ती खांद्यावरची गोणीची कुसळं वेचत होती. "मला विचारू नका," म्हणाली. "खेचर आलं तर बरंच होईल. नाही आलं तरी मी भट्टी भरणार आहे. तुमच्या तोंडातून जे निघेल ते तुमचं."

कोर्टाची खोली छोटी होती, पंखा मोठा होता, त्यामुळे प्रत्येकजण आपापले कागद दाबून बसला होता. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. जप्तीवाल्यानं एकेक वस्तू दाखवली. पट्टा, बदामासकट. मग पिशवीतून चिंधी. ती त्यानं दोन बोटांत वर धरली, पंख्यानं ती फडफडली, आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी फिसकन हसलं. आईनं पदर ओढून घेतला, पण मान खाली घातली नाही. हसणाऱ्याकडे ती बघत राहिली, तो उठून बाहेर जाईपर्यंत.

मग फोटो. मास्तर, बदाम, बदामाच्या शेजारी जखम, आणि बाबांचे सगळे दात.

न्यायाधीशांनी फोटो बघितला, बाबांकडे बघितलं, नाक पुसलं. "हसताय कशाला यात?"

"पट्टा नवीन होता साहेब."

"दुसऱ्या जनावरानं चावलं असं तुमचं म्हणणं आहे, असं शेठनं लिहून पाठवलेल्या साक्षीवरून दिसतं."

"ते शेठचं म्हणणं आहे."

"तुमचं काय?"

आत्यानं मागून बाबांच्या पाठीत बोट खुपसलं. मला दिसलं. बाबांनाही लागलं असणार.

"त्याला काही चावलं नाही," बाबा म्हणाले. "मी चांगल्यासाठी पट्टा केला, तो लागला. ते माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणता येईल. पण नंतर दिसलं. दिसलं तरी मी चिंधी लावली आणि ओढायला लावलं. भट्टी भरायची होती."

"किती दुखत असेल याची कल्पना होती?"

"तेव्हा नव्हती साहेब. आता आहे." आणि बाबा शर्टाची बटणं काढायला लागले.

"काय करताय?"

"दाखवतो. तसाच पट्टा, त्याच सीटचा फोम."

खांदा अजून भरला नव्हता. न्यायाधीश पुढं वाकले. डॉक्टरीणबाई साक्षीला आली होती. त्यांनी तिला विचारलं, "तशीच जखम आहे?"

"तशीच आहे. पण हे माझ्या अखत्यारीत येत नाही."

न्यायाधीशांनी पुन्हा नाक पुसलं. मग म्हणाले, "शर्ट घाला. हा खांदा या खटल्यात नाही."

आणि मग ते झालं, जे झालेलंच नाही असं आपण सुरुवातीला ठरवलं होतं. खेचर, गाडा, पट्टा, छपरी, कायमचं. आम्ही नळावर पाणी प्यायलो. घर दिसायला लागल्यावर आत्या म्हणाली, "काळं होतं म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"जखम भरायच्या आतच मास्तरला पुन्हा जुंपावं लागलं असतं," बाबा म्हणाले. "ढग बघितलेस?"

*

जप्तीवाला आला तो पांढरा रंग घेऊन. आता चुना चालणार नव्हता, कायमचं होतं. आसरा अजून भरलेलाच होता, म्हणून मास्तर आमच्याकडेच राहणार होता, आधीच्याच अटींवर. जप्तीवाला उकिडवा बसून आमच्या उंबऱ्यालगत रेघ ओढत होता आणि मास्तर त्याच्या कॉलरचा वास घेत होता.

"काका, तुम्ही तसं बोलला नसतात तर सुटला असतात," तो हळूच म्हणाला.

"हो," बाबा म्हणाले. "जरा इकडं वाकडी गेली बघा तुमची रेघ."

त्यानं ती सरळ केली. उठताना म्हणाला, "काही मागणं असेल तर लेखी द्या. मी पुढं पाठवेन." मग त्यानं स्वतःच आत्याच्या पेंढीतलं मूठभर गवत घेतलं आणि छपरीतून बाहेर पडला.

शेठनं कोर्टातलं कुठून तरी ऐकलं होतं. तो आला आणि दुसऱ्या कुटुंबाचं बोलायला लागला. आई दांड्यांमध्येच उभी होती, पट्टा खांद्यावर. "भट्टी भरून देते म्हणाले होते," ती म्हणाली. "बाजूला व्हा. गाडी डावीकडे येते."

तो बाजूला झाला. गाडी खरंच डावीकडे आली.

बाबांचा खांदा नीट भरायच्या आतच ते पुन्हा पुढं आले. आईनं अडवलं, ते ऐकेनात. मग दोघं आळीपाळीनं ओढायला लागले, मग मीही. गोणपाट टोचतं, पण हलत नाही, हे खरं आहे. आभाळ भरून यायचं आणि आम्ही ओढायचो. ढकलणारा दर चढावर "नाही" म्हणायचा, आईकडून शिकून. शेवटची वीट आत गेली तेव्हा आईनं ती स्वतः रचणाऱ्याच्या हातात दिली, आणि भट्टी पेटली. शेठ पहिल्यांदा ढगांकडे न बघता आमच्याकडे बघून म्हणाला, "पुढच्या भट्टीच्या विटा उद्यापासून."

"उद्यापासून," आई म्हणाली.

त्या दिवशी उजेड असतानाच मी खिडकीत बसून हा अर्ज लिहिला. बाबा छपरीत मास्तरला पाणी दाखवत होते, आणि सरकारी जनावरावर ओरडायची मनाई असल्यामुळे त्याच्याशी कुजबुजत भांडत होते. जप्तीवाला म्हणाला होता लेखी द्या, म्हणून लेखी देत आहे.

मेहेरबान साहेबांच्या सेवेशी. अर्जदार ही वरील खटल्यातील इसमाची मुलगी असून, सदर इसमास पट्ट्यामुळे खेचरासारखीच जखम झाल्याचे डॉक्टरांनी भर कोर्टात मान्य केले आहे. जखम दिसत असूनही सदर इसमास ओढण्यास लावले जाते. लावणारे आम्हीच आहोत, शेठ आहे, ढग आहेत आणि तो स्वतःही आहे. तरी सदर इसमास हातगाडी व पट्ट्यासह जप्त करून कायमचे सरकारजमा करण्यात यावे. आसऱ्यात जागा नसल्याची आम्हास कल्पना आहे. सबब त्यास आमच्याच ताब्यात, त्याच अटींवर द्यावे: वेळेवर अन्न, पाणी, सावली, काम नाही, ओरडणे नाही, आणि अधूनमधून डॉक्टरांनी येऊन दुखते का ते विचारावे. सांभाळण्यास आम्ही तयार आहोत. त्याच्या बायकोचाही अर्ज याच कागदावर धरावा, ती वेगळा करणार नाही. रेघ नव्याने आखण्याची गरज नाही. छपरीत मास्तरच्या शेजारी खुंटा रिकामा आहे.